सोडलेली जागा

एक छोटा प्रयोग करू. डोळे मिटा आणि दहा सेकंदांत वाळवंटाचं चित्र मनात काढा.

बहुतेकांच्या चित्रात वाळूचे दोन-तीन उतार आले असतील, वर मोठा सूर्य, आणि मधोमध एक हिरवा निवडुंग. सरळ उभा खांब, दोन्ही बाजूंना कोपरातून वर वळलेले हात. कुणीतरी बंदूक रोखून ‘हात वर’ म्हटल्यासारखा. मोबाईलच्या कीबोर्डवर निवडुंगाचा इमोजी शोधा, तिथंही हाच उभा असतो.

या निवडुंगाचं नाव सग्वारो. तो आपणहून वाढतो तो फक्त सोनोरन वाळवंटात, म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोनात, मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात आणि कॅलिफोर्नियाच्या एका कडेला. त्याला पहिला हात फुटायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात. सहारात तो नाही, थरमध्ये नाही, गोबीत नाही. तरी आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या झेडपीच्या शाळेतल्या पोराला वाळवंट काढायला सांगा. ते ॲरिझोना काढेल.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ‘डिफॉल्ट’ म्हणतो. तुम्ही स्वतः काही निवडलं नाही, तर आपोआप जे निवडलं जातं ते. डिफॉल्ट दिसत नाही, म्हणून त्यावर कुणी वादही घालत नाही. वाळवंटाचा आपला डिफॉल्ट काउबॉयच्या सिनेमांतून आणि कार्टूनमधून आला आणि आपल्या डोक्यात कायमचा राहिला. तो निरुपद्रवी आहे की नाही, हे मला इथं तपासायचंय.

कारण माझ्यासाठी हा प्रश्न हवेतला नाही. मी पुण्यात कोड लिहितो आणि सुटीच्या दिवशी जलरंगात निसर्गचित्रं काढतो. घर कळंब तालुक्यात. जलरंग शिकणाऱ्याला यूट्यूबवर सुरुवातीलाच जे धडे भेटतात, त्यांत ‘निवडुंगांचं वाळवंट’ हमखास असतं. आकाशाचा एक सपाट वॉश, क्षितिजाशी जांभळट डोंगर, खाली यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाचे दोन पट्टे, सगळं वाळलं की गडद हिरव्यानं तीन निवडुंग. अर्ध्या तासात चित्र तयार, आणि खरंच सुंदर दिसतं. ते सोपं का असतं, याचं उत्तर त्यात काय नाही यात आहे. घर नाही, माणूस नाही, जनावर नाही, तार नाही, रस्ता नाही. नवशिक्याला जे जे काढता येत नाही, ते सगळं वाळवंटानं आधीच वजा केलेलं असतं.

आणि माझ्या जिल्ह्याला लोक सर्रास वाळवंट म्हणतात. ‘मराठवाड्याचं वाळवंट होतंय’ हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. मग गावाकडचा एप्रिलमधला माळ मी त्याच धड्याबरहुकूम काढला, तर कुणाचं काय बिघडलं? चित्रच तर आहे. एखादी जागा सुंदर दिसावी म्हणून ती रिकामी करणं, तेही फक्त कागदावर, यात नैतिक प्रश्न खरंच आहे का?

*

आधी कागदाबद्दल बोलू.

शुद्ध जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. जिथं पांढरं हवं, तिथं कागद सोडतात. उन्हात चमकणारी भिंत, पाण्यावरची तिरीप, बैलाच्या पाठीवरचा उजेड, हे सगळं न रंगवून मिळतं. ऑइलमध्ये चित्रकार शेवटी उजेड टाकतो. जलरंगात काय सोडायचं ते ब्रश ओला करण्याआधी ठरवावं लागतं, कारण एकदा वॉश गेला की कागद परत मिळत नाही. त्यामुळे जलरंगातली रिकामी जागा ही कधीच ‘काढायची राहून गेलेली’ जागा नसते. ती कुणीतरी ठरवून सोडलेली असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. टेबलावर दोन मग लागतात, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचा. वाळवंटाचं चित्र काढायलाही पाणी तेवढंच लागतं. आमच्या भागातल्या माणसाला यातला विनोद समजावून सांगावा लागत नाही. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ रेल्वे शेजारच्या लातुरात पोचली, तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. ज्या मांजरा धरणावर लातूर शहर पाणी पितं, ते तेव्हा कोरडं पडलं होतं. मी तेव्हा अठराचा होतो, आणि टीव्हीवर आमच्या भागाची दृश्यं रोज दिसायची. भेगाळलेली जमीन, त्यावर रिकामी घागर. ते दृश्यही एक डिफॉल्टच झालं होतं. कॅमेरा भेगांवर आला की बघणाऱ्याला पुढचं सगळं आधीच माहीत असायचं.

रंगाच्या पेटीवरही वाळवंट आहेच. महाराष्ट्रातल्या बहुतेक पोरांनी पहिला ब्रश ज्या रंगांत बुडवला, त्या ‘कॅमल’च्या पेटीवर उंट असतो. दांडेकरांनी १९३१मध्ये मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, त्यातून ही कंपनी वाढली. हा अर्थात योगायोग. पण दूरची वाळवंटं आपल्या घरात कुठून कुठून येत राहतात, हे पाहिलं की मजा वाटते.

*

दिवाळीत घरी मी असंच एक धड्यातलं चित्र करत बसलो होतो. अण्णा मागं येऊन उभे राहिले.

“हे कुठलं रं?”

“कुठलंच नाही अण्णा. वाळवंट आहे.”

“एवढी वाळू?” ते म्हणाले. “ब्रासला काय भाव चालू हाय, माहितंय का? तहसीलदार येऊन पंचनामाच करंल तुझा.”

दोन वर्षांपूर्वी घराचा वरचा मजला बांधताना त्यांनी वाळूसाठी किती फोन केले, ते मला माहीत होतं. आमच्याकडं वाळू ही निर्जन, निरुपयोगी गोष्ट नाही. ती नदीच्या पात्रात असते, ब्रासनं मोजली जाते, आणि तिच्यासाठी रात्री ट्रॅक्टर पळतात.

त्यांच्या त्या बोलण्यावरून मला शब्दाकडं वळावंसं वाटलं. इंग्रजीतला ‘डेझर्ट’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी ‘सोडून दिलेलं’ असा अर्थ आहे. म्हणजे त्या शब्दातच माणूस निघून गेलाय. मराठीत त्यासाठी शाळेच्या पुस्तकानं ‘वाळवंट’ हा शब्द दिला. पण मराठी माणसाच्या तोंडी ‘वाळवंट’ भूगोलाच्या पुस्तकाच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि तो वेगळ्याच जागेसाठी आहे. चंद्रभागेचं वाळवंट. नदीकाठी वाळू पसरलेली असते ती जागा. आषाढी-कार्तिकीला तिथं पाय ठेवायला जागा नसते. कीर्तन तिथं, खेळ तिथं, एकमेकांच्या पाया पडणं तिथं. आमच्या जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांसकट सगळ्या संतांचं पंढरपूर आपल्या डोळ्यांपुढं उभं राहतं, ते देवळाइतकंच या वाळवंटाचंही असतं.

म्हणजे एकाच शब्दात दोन चित्रं आहेत. एकात पाणी नाही आणि माणूसही नाही. दुसरं पाण्याला लागून आहे आणि महाराष्ट्रातली सगळ्यात गजबजलेली जागा आहे. आपल्या भाषेचं स्वतःचं वाळवंट दुसरं आहे. डोळे मिटल्यावर आठवतं मात्र पहिलं.

*

आता चित्रातल्या निवडुंगाकडं येऊ, कारण तोही दिसतो तितका साधा नाही.

खरे निवडुंग, म्हणजे वनस्पतिशास्त्र ज्यांना कॅक्टस म्हणतं ते, जवळजवळ सगळे मूळचे अमेरिका खंडांतले. आपल्याकडच्या बांधावर, माळावर जे काटेरी, मांसल, तोडलं की पांढरा चीक गळणारं झाड दिसतं, तो थोर. तिधारी निवडुंग त्याच्याच नात्यातला, आणि कुंपणाला लावतात तो शेरही. ही सगळी युफोर्बिया कुळातली मंडळी. कॅक्टसशी त्यांचं नातं नाही. कमी पाण्यात जगायची वेळ दोघांवरही आली आणि दोघांनीही एकच युक्ती शोधली, खोडात पाणी साठवायचं आणि पानांचे लाड बंद करायचे. चीक निघाला तर थोर, नाही निघाला तर कॅक्टस, एवढी सोपी परीक्षा सहसा पुरते.

पण फड्या निवडुंग, चपट्या पंजासारखा, लाल बोंडांचा, तो खरा कॅक्टस आहे आणि तो आपल्याकडं बाहेरून आला. त्याच्या गोष्टीत माझ्या पेटीतला एक रंगही आहे. कार्माईन नावाचा गडद लाल रंग मूळचा कोचिनील नावाच्या किड्यापासून बनतो. हा किडा फड्या निवडुंगावर जगतो. मेक्सिकोतून येणाऱ्या या रंगावर शतकानुशतकं स्पेनची मक्तेदारी होती. ती मोडायची म्हणून १७९५मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात ब्राझीलहून असा किडा आणला गेला. आला तो नेमका दुसऱ्याच जातीचा. त्याच्यापासून चांगला रंग काही मिळाला नाही, पण किड्यानं एका जातीचे निवडुंग फस्त करायला घेतले. पुढं १९२६च्या सुमारास श्रीलंकेतून आणखी एका जातीचा किडा मुद्दाम आणला, तो मात्र रंगासाठी नव्हे, वाढलेले निवडुंग संपवण्यासाठी. आज पेटीत ‘कार्माईन’ लिहिलेली ट्यूब बहुधा कृत्रिम रंगाची असते. खऱ्या किड्याचा रंग खाण्याच्या पाकिटांवर ‘ई-१२०’ नावानं सापडतो.

हे सांगण्याचं कारण असं, की वाळवंटाच्या चित्रातला निवडुंग ‘इथं कुणी आलं नाही’ असं सांगत असतो. आमच्या बांधावरचा निवडुंग नेमकं उलटं सांगतो. तो कुणीतरी आणला म्हणून आला, आणि गुरं आत शिरू नयेत म्हणून कुणीतरी लावला म्हणून तिथं आहे. बांधावरचा घायपातही तसाच, तोही मेक्सिकोकडचा. ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळही अमेरिका खंडातलीच. आमच्या ‘ओसाड’ दिसणाऱ्या जमिनीवर जगाच्या व्यापाराची दोन-तीनशे वर्षं उगवलेली आहेत.

*

इथं माझ्या एका मित्राचा आक्षेप मांडायला हवा. तो डिझायनर आहे आणि त्याचं म्हणणं मला हलकं वाटत नाही. तो म्हणतो, “चित्र म्हणजे पंचनामा नाही. तू माळ रंगवलास, त्यात ट्रान्सफॉर्मर नाही काढला, तर तू एमएसईबीवर अन्याय केलास का? निवड म्हणजेच कला. वाळवंट सुंदर दिसतं, तर दिसू दे.”

यातलं बरंचसं मला मान्य आहे. सौंदर्य हा गुन्हा नाही. दुष्काळी भागातल्या माणसानं फक्त दुःखच काढावं, ही अपेक्षा तर मला जवळजवळ अपमानास्पद वाटते. कोकणातल्या चित्रकाराला कुणी विचारत नाही, की बाबा, समुद्र काढलास पण मच्छीमारांचं कर्ज कुठाय?

आणि माणसं चित्रात घातली की चित्र नैतिक होतं, असंही नाही. १८७६-७८च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीनं बसवून फोटो काढले. त्या फोटोंत माणसंच माणसं आहेत. तरी ते बघताना अंगावर काटा येतो तो फक्त भुकेमुळे नाही. त्यांना तिथं बसवणारा, हलू नका म्हणणारा कुणीतरी समोर उभा होता, हे जाणवत राहतं. त्यावर तेव्हाही टीका झाली होती. उलट १९४३च्या बंगालच्या दुष्काळात झैनुल आबेदिन यांनी स्वस्त पॅकिंगच्या कागदावर काळ्या शाईनं जी रेखाटनं केली, किंवा चित्तप्रसाद यांनी ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेसाठी जी केली, त्यांत तीच भूक आहे, पण बघणारा माणूस त्यांच्याच रस्त्यावर उभा आहे. त्या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारनं जप्त केल्या. नुसत्या करुण चित्राला कुठलं सरकार एवढं घाबरत नाही. त्या पुस्तिकेत दुष्काळाला जबाबदार माणसं होती, म्हणून घाबरलं असावं. पुढं चित्तप्रसाद मुंबईत येऊन राहिले.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात जास्त त्रास देतं, कारण ते मला आवडतं. जॉर्जिया ओकीफ या अमेरिकन चित्रकर्तीची न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातली चित्रं. १९३०च्या दुष्काळात तिथं गुरं मेली होती, त्यांची हाडं माळावर पडलेली. तिनं ती गोळा केली, पिंपात भरून न्यूयॉर्कला पाठवली आणि रंगवली. १९३१चं गाईच्या कवटीचं तिचं चित्र आज जगप्रसिद्ध आहे. निळ्या-पांढऱ्या पार्श्वभूमीवर कवटी, दोन्ही कडांना लाल पट्टे. चित्र अप्रतिम आहे. पण ज्याच्या घरची माणसं जनावरं घेऊन चारा छावणीत राहिली आहेत, त्याच्या मनात एक साधा प्रश्न येतो. ती गाय कुणाची होती?

ओकीफनं तो प्रश्न चित्रात घ्यायलाच हवा होता, असं मी म्हणणार नाही. तिला ती हाडं जिवंत वाटत होती, मरणाची खूण वाटत नव्हती, आणि चित्रात ते दिसतं. पण चित्र बघून माझ्यासारख्याला तो प्रश्न पडतो आणि दुसऱ्याला पडत नाही, या फरकात माझ्या लेखाचा विषय आहे.

*

वाळवंट आणि दुष्काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला आता सांगावंसं वाटतं. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण सगळा फरक त्यातच आहे.

वर्षाला साधारण अडीचशे मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो त्या प्रदेशाला ढोबळमानानं वाळवंट म्हणतात. जैसलमेरला दोनशेच्या आतबाहेर पडतो. धाराशिव जिल्ह्याची सरासरी सातशेच्या आसपास आहे. लंडनची सहाशेच्या जवळपास. जलरंगाची मोठी परंपरा ज्या भिजक्या, ढगाळ इंग्लंडात वाढली, त्याच्या राजधानीपेक्षा आमच्याकडं वर्षाला पाऊस जास्त पडतो. फक्त त्यांचा बारा महिने झिरपतो, आमचा चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत कोसळतो, आणि काही वर्षी येतच नाही. २०२५च्या सप्टेंबरात तर भूम-परंड्यात पुरानं गावं वेढली, हेलिकॉप्टरनं माणसं काढावी लागली आणि शेतातली माती पिकासकट खरडून गेली. त्या आठवड्यात कुणी आम्हाला वाळवंट म्हणालं नाही.

वाळवंट हा निसर्ग आहे. तो पूर्ण आहे, त्याची त्याची झाडं, प्राणी, माणसं आहेत, आणि तो असल्याबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही. दुष्काळात पाऊस हे एकच पात्र असतं. बाकीची पात्रं म्हणजे पाणी कुठं अडवलं, कुणाच्या उसाला गेलं, बोअर किती खोल गेलं, कालवा कुठं थांबला, टँकर कुणाचा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात नळदुर्गात बोरी नदी अडवून किल्ल्यातच धरण बांधलं आणि त्या धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल. पाऊस झाला की आजही नर-मादी धबधब्यापुढं सेल्फीची गर्दी असते. त्याआधी कितीतरी शतकं तेर, म्हणजे तेव्हाचं तगर, इतकं नांदतं होतं की इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तिथून भडोचला जाणाऱ्या कापडाची नोंद आहे. ही जमीन तीच आहे. इथलं पाणी कसं हाताळायचं, हा माणसांचा निर्णय होता आणि आहे.

म्हणून ‘मराठवाड्याचं वाळवंट होतंय’ या वाक्याची मला भीती वाटते. म्हणणारा कळवळ्यानं म्हणतो. पण वाळवंट म्हटलं की जाब विचारायची जागाच चित्रातून निघून जाते. वाळवंटावर कुणी रागावत नाही. फार तर हळहळतं, नाहीतर फोटो काढतं.

याचे परिणाम कागदाबाहेर होतात. माझ्या चुलतभावाचं जमत आलेलं लग्न मोडलं, तेव्हा मुलीच्या मामांनी सांगितलेलं कारण एवढंच होतं, “पोरगा चांगलाय, पण वाळवंटात लेक कशी द्यायची?” त्या घरात नळ आहे, विहीर आहे, भावाला नोकरी आहे. मामांनी गाव पाहिलेलं नव्हतं. त्यांनी चित्र पाहिलं होतं. माळाचंही तेच. सोलापूर जिल्ह्यातलं नान्नज इथून फार लांब नाही. तिथं माळढोकासाठी अभयारण्य करावं लागलं, कारण माळ ही गवताची, लांडग्याची, काळविटाची, मेंढपाळाची भरलेली जागा आहे. पण सरकारी कागदावर असल्या गवताळ जमिनी वर्षानुवर्षं ‘पडीक’ या रकान्यात गेल्या. रकाना रिकामा म्हणाला, की तिथं काहीही करायला मोकळीक मिळते.

*

आमच्या गावाच्या वरच्या बाजूला एक पाझर तलाव आहे. एप्रिलमध्ये त्यात पाणी नसतं. मातीचा लांब बांध, दगडांचं पिचिंग, त्यावर बाभळी. दुरून पाहिलं तर तो माळाचाच एक उंचवटा वाटतो, आणि चित्रात तो यलो ऑकरच्या वॉशमध्ये सहज विरघळून जाईल.

तो बांध १९७२च्या दुष्काळातला आहे. माझी आज्जी त्यावर कामाला होती. तिच्या गोष्टींत मिलोची लाल ज्वारी असते, सुकडी असते, आणि डोक्यावरच्या पाटीचं वजन असतं. त्या दुष्काळातल्या कामांतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला, आणि देशाच्या २००५च्या रोजगार हमी कायद्यानं तिच्यावरूनच धडा घेतला. म्हणजे ज्याला मी क्षितिजाची रेष समजून एका हातानं ओढणार, ती रेष हजारो हातांनी पाट्या टाकून वर आणलेली आहे. त्यात एक हात माझ्या घरचा.

आज्जीला मी एकदा विचारलं, “तो तलाव चित्रात काढू का?”

“काढ की,” ती म्हणाली. “पर पानी दाव.”

“पण आत्ता पाणी नाही ना आज्जी.”

“तवा बी नव्हतं. पानी यावं म्हणून तर बांधला.”

*

मग उत्तर काय? दुष्काळी भागाचं चित्र काढणाऱ्यानं त्यात माणूस, टँकर आणि आकडेवारी घालावी, असा नियम मी करणार नाही. असल्या नियमानं चित्रही वाईट होतं आणि माणूसही पोस्टरवरचा होतो. मी स्वतःसाठी एवढंच ठरवलंय, की जी जागा मी कागदावर सोडतो, ती मी सोडली आहे हे मला माहीत असावं. निसर्गानं ती रिकामी ठेवली होती, अशी बतावणी चित्रानं करू नये.

व्यवहारात त्याची एक साधी चाचणी आहे. ज्या जमिनीचं चित्र आहे तिथं राहणारा माणूस समोर आला, तर त्याला त्यात आपलं काही सापडतं का? बांध, वाट, लिंबाचं झाड, विहिरीवरची मोटारीची खोपी, काहीही. सापडलं, तर चित्रात एकही माणूस नसला तरी ते रिकामं नाही. नाही सापडलं, तर ते दुसऱ्या कुठल्यातरी जागेचं चित्र आहे, खाली नाव काहीही लिहा. काल्पनिक वाळवंट काढायला माझी ना नाही. ते ॲरिझोना म्हणून काढा, मंगळ म्हणून काढा. फक्त त्याला धाराशिव म्हणू नका.

ही चाचणी चित्रकारापुरती नाही. रील करणारा, बातमी लिहिणारा, योजनेचं प्रेझेंटेशन करणारा, स्थळ बघायला निघालेला मामा, सगळेच कुणाच्यातरी जमिनीचं चित्र काढत असतात. आपल्या हातात फोन आहे म्हणजे ब्रश आहेच.

आणि नजर एकदा डिफॉल्टवरून सुटली, की एप्रिलमधला माळ रंगवायला भयंकर अवघड होतो. यूट्यूबवरच्या धड्याचे दोन पट्टे पुरत नाहीत. मुरमाचा तांबूस वेगळा, नांगरलेल्या काळ्या रानाचा निळसर राखी वेगळा, वाळलेल्या गवताचा जवळजवळ पांढरा वेगळा, आणि तो पांढरा कागद सोडूनच मिळवावा लागतो. सगळं करपलेलं असताना लिंबाला नेमकी कोवळी पालवी असते, तिचा हिरवा कुठल्याच ट्यूबमध्ये नाही. दुपारची सावली काळी नसते, जांभळी असते. बांधावर फड्या निवडुंग असतो, धुळीनं माखलेला, बोंडं लाल झालेली. ती खाल्ली की पोरांचे ओठ दिवसभर रंगलेले राहतात.

तो निवडुंग मी आता चित्राच्या मधोमध काढत नाही. कडेला काढतो, ओळीनं, जसा तो असतो. आमच्याकडं तो कुंपणाला लावतात, आणि कुंपण दिसलं की पलीकडं कुणाचं तरी रान आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.